'अल्-अय्याम'मधील अबोल मूल

ताहा हुसैन (१८८९–१९७३) यांचे नाव अरबी साहित्याच्या इतिहासात थोर समीक्षक, संशोधक आणि इजिप्तचे शिक्षणमंत्री म्हणून घेतले जाते. अगदी लहानपणी दृष्टी गमावलेला एका खेड्यातला मुलगा अल्-अजहरमध्ये शिकतो, पुढे पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात इब्न खल्दूनवर प्रबंध लिहितो आणि १९५० साली देशाचा शिक्षणमंत्री होतो, ही हकीकत विलक्षण आहे यात शंका नाही. त्यामुळे त्यांच्या 'अल्-अय्याम' (दिवस) या आत्मकथनाचे वाचनही बहुधा 'जिद्दीची कहाणी' म्हणूनच होत आले आहे.

हे वाचन अपुरे आहे. या आत्मकथनाचे तीन भाग आहेत. पहिला भाग कैरोच्या 'अल्-हिलाल' मासिकातून १९२६-२७ मध्ये क्रमशः आला आणि १९२९ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्यात जिद्दीचे प्रसंग थोडेच आहेत. एका अंध मुलाच्या मनात काय चालले होते आणि ते भरल्या घरात कुणालाही कसे कळले नाही, याचीच नोंद त्यात अधिक आहे. अपंग मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा अलीकडे वाढली आहे. तिच्या संदर्भात या जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळावेसे वाटते ते यामुळेच.

वडिलांच्या तेरा अपत्यांपैकी हा सातवा. आईची माया आहे, वडिलांची सौम्यता आहे, भावंडे जपून वागतात. पण या जपण्यातच काहीतरी वेगळे आहे, हे मुलाच्या लक्षात येते. आपल्याला मना असलेल्या गोष्टी भावंडांना करू दिल्या जातात, याचा त्याला आधी राग येतो. पुढे भावंडांच्या बोलण्यात आपल्याला अजिबात ठाऊक नसलेल्या गोष्टी येतात, तेव्हा त्यांना दिसते ते आपल्याला दिसत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते. मग त्या रागाचे मुक्या दुःखात रूपांतर होते. आपण अंध आहोत हे या मुलाला कुणीही जवळ बसवून सांगितलेले नाही. ते त्याने ऐकीव बोलण्यावरून एकट्याने जुळवले आहे.

घरात रोज त्याच्या डोळ्यांत झोंबणारे औषध घातले जाते. त्याने काहीच गुण येत नाही. मुलगा कळ सोसतो, पण धाकट्या बहिणीसारखे रडके ठरायचे नाही म्हणून तक्रार करीत नाही. रात्री पांघरुणाबाहेर अंग राहिले तर भुते छळतील या भीतीने तो तोंड झाकून, पहाटे पाणी भरून परतणाऱ्या बायकांचे आवाज येईपर्यंत जागा राहतो. ही भीतीही तो कुणाला सांगत नाही. शहाणे, त्रास न देणारे मूल म्हणून घरी ज्याचे कौतुक व्हावे असेच हे मूल आहे. त्या शहाणपणाच्या आत काय साठले होते, ते लेखकाने फार संयमाने दाखवले आहे.

या भागातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग रात्रीच्या जेवणाचा आहे. घास एका हाताऐवजी दोन्ही हातांनी घेतला तर काय होईल, असे कुतूहल मुलाला वाटते आणि तो तसे करून पाहतो. भाऊ हसू लागतात. आईच्या डोळ्यांत पाणी येते. वडील हळू, खिन्न आवाजात घास असा घेत नाहीत म्हणून समजावतात. प्रसंग एवढाच. कुणी मारले नाही, कुणी शिवी दिली नाही. पण ती रात्र त्याची तळमळत गेली आणि त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक हालचालीला संकोचाने घेरले. चमच्याने खायचे पदार्थ त्याने स्वतःला वर्ज्य केले आणि पंचविशी उलटेपर्यंत ते पाळले. हसणाऱ्यांइतकेच रडणाऱ्यांनीही त्याला एकटे पाडले, हे इथे ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा प्रसंग याहून कठीण आहे. मकतबात कुराण मुखोद्गत केल्यावर नऊ वर्षांचाही नसलेला हा मुलगा 'शेख' म्हणवला जाऊ लागतो. उर्दूभाषक मुसलमानांत अंध माणसाला 'हाफिजजी' म्हणण्याची रीत आहे, त्याच जातीचा हा मान. मुलाला त्याचे अप्रूप वाटते, मग फोलपणाही जाणवतो. पुढे वडील पाठांतराची परीक्षा घेतात, आयती आठवत नाहीत, आणि जगण्याचाच वीट यावा अशी शरम त्याला आयुष्यात प्रथमच चाखावी लागते. या नामुष्कीच्या दिवसांत एकदा तो स्वतःला इजा करून घेतो. आई धावत येते, जखम किरकोळ आहे असे पाहते, चार शब्द सुनावते, त्याला कोपऱ्यात बसवते आणि कामाला लागते. मुलगा तिथे न बोलता, न रडता, जणू आपण कुणीच नाही असा बसून राहतो. आईने जखम तपासली, मुलाला मात्र काहीच विचारले नाही. आजच्या मानसोपचारात अशा घटनेला मुलाने दिलेली हाक समजतात. त्या घरात ती खोडी ठरली.

ताहा हुसैन यांचा आईवर राग आहे काय? त्यांची टीका कठोर आहे. डोळे आले तेव्हा काही दिवस दुर्लक्ष झाले, मग न्हाव्याला बोलावले आणि त्याच्या उपचाराने दृष्टी गेली. चार वर्षांची बहीण अशाच दुर्लक्षात बकरी ईदच्या सुमारास दगावली. मूल कुरकुरतेच, त्यात विशेष काय, या समजुतीवर ते प्रहार करतात आणि तो योग्यच आहे. मात्र एवढी अपत्ये वाढवणाऱ्या त्या बाईच्या थकव्याला पुस्तकात पुरेशी जागा मिळालेली नाही, ही या आत्मकथनाची उणीव म्हणावी लागेल. अपंग मुलाच्या मनाचा विचार त्याच्या आईच्या मनाला वगळून पुरा होत नाही.

निवेदनाची पद्धतही विचारात घेण्याजोगी आहे. लेखक 'मी' म्हणत नाही, त्या मुलाला तो 'आपला मित्र' म्हणतो. समीक्षक याला अलिप्तपणा म्हणतील. मला त्यात सोबत दिसते. ज्या मुलाजवळ तेव्हा कुणी बसले नाही, त्याच्या शेजारी तोच मोठा होऊन बसला आहे. शेवटच्या प्रकरणात लेखक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीशी बोलतो. ईडिपसची गोष्ट ऐकताना तिला आपला बाप आठवून रडू आले होते. आपले बालपण तिला सांगितले तर ती रडेल किंवा बालसुलभ निर्दयपणे हसेल, अशी धास्ती त्याला वाटते. जेवणाच्या वेळचे तेच हसू आणि तेच अश्रू इथे परत आले आहेत. इतक्या वर्षांनी, एवढा मान मिळूनही, ती भीती गेलेली नाही.

आपल्या धर्मपरंपरेत या विषयाला मोठा आधार आहे. कुराणातील 'अबस' ही सूरत, बहुतेक भाष्यकारांच्या मते, अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम (रजि.) यांच्या संदर्भात अवतरली. कुरैश सरदारांशी बोलणे चालू असताना ते आले आणि पैगंबरांच्या (स.) कपाळावर आठी पडली. ती आठी त्या अंध माणसाला दिसणार नव्हती, तरीही अल्लाहने तिची दखल घेतली. पुढे त्यांना अजान देण्याचे काम मिळाले आणि पैगंबरांच्या गैरहजेरीत मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. दया दाखवून त्यांना बाजूला बसवले नाही, हे महत्त्वाचे.

मराठीत 'श्वास' (२००४) या संदीप सावंत दिग्दर्शित चित्रपटाने असाच प्रश्न मांडला. कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेल्या कोकणातल्या मुलाला शस्त्रक्रियेआधी ते सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे आणि आजोबांचा जीव त्यात पिळवटतो. मुलाचाही सत्यावर हक्क आहे, हे तिथे निदान कुणाला तरी वाटते. ताहा हुसैन यांच्या घरात ते कुणाच्या मनातही आले नव्हते.

आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले की सवलतीही मिळतात. ते आवश्यकच आहे. पण त्या टक्केवारीत मुलाचे एकटेपण मोजले जात नाही. मुस्लिम मराठी लेखनाने तलाक, दंगल, दारिद्र्य यांवर धीटपणे लिहिले. मोहल्ल्यातल्या घरात दारामागे बसलेले असे मूल मात्र त्यात क्वचितच दिसते, आणि दिसले तरी ते आईबापाच्या दुःखाचे निमित्त म्हणूनच येते. त्याचे स्वतःचे म्हणणे काय, हे विचारणारे लेखन आपल्याकडे अजून व्हायचे आहे. ते कसे करावे, याचा एक नमुना 'अल्-अय्याम'ने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे.