कुंडलची हलगी आणि जतनाची भाषा

खेड्यांचा अमूर्त सांस्कृतिक वारसा जपला पाहिजे, असे हल्ली सर्वच व्यासपीठांवरून सांगितले जाते. लोकवाद्ये लोपत चालली म्हणून हळहळ व्यक्त होते. ही हळहळ खरीही असेल. परंतु जपायचे कोणी, आणि कोणाच्या पाठीवर, हा प्रश्न तीत बुडून जातो.

कुंडलचेच पाहा. पूर्वीच्या औंध संस्थानातले, आज सांगली जिल्ह्यातले हे गाव 1943 ते 1946 या काळात प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. त्याची दुसरी ख्याती कुस्तीच्या मैदानाची. मैदान भरते ते हलगीच्या कडकडाटाने. विस्तवावर कातडे शेकून ते ताणून घ्यायचे, जोड लागली की लय धरायची, डाव रंगला की ती चढवीत न्यायची. कुस्ती कळल्याशिवाय हे वाजवता येत नाही. तरीही मैदानाच्या वर्णनात पैलवान येतो, वस्ताद येतो, इनाम देणारा तर येतोच. हलगीवाल्याचे नाव बहुधा येत नाही.

हे विस्मरण अपघाताचे नाही. हलगी मांगवाड्याच्या गळ्यात गावकीने अडकवली होती. देवाच्या पालखीपुढे वाजवणाऱ्याला त्याच देवाच्या गाभाऱ्यात मज्जाव होता. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि हीन कामे टाकून देण्यास सांगितले. 1956 च्या धर्मांतरानंतर असंख्य कुटुंबांनी गावकीशी बांधलेली कामे नाकारली. जतनवाले याला ऱ्हास म्हणतात. माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला ऱ्हास म्हणणे हा गावकीचाच जुना कावा आहे.

गंमत अशी, की ज्या युनेस्को कराराचा हवाला दिला जातो, तो 2003 चा करार मानवी हक्कांशी आणि परस्पर आदराशी सुसंगत असेल तेवढाच वारसा विचारात घेतो. भारताने 2005 साली त्याला मान्यता दिली. हे कलम मात्र आपल्याकडच्या भाषणांत ऐकू येत नाही!

पण आपल्यातल्या काही मित्रांशीही भांडले पाहिजे. हलगी हाती घेणाऱ्या तरुणाला ते सरसकट गुलाम ठरवतात. ठरलेली बिदागी घेऊन, नको तिथे नाही म्हणून वाजवणारा आणि बलुत्याच्या धाकाने वाजवणारा, यांच्यात फरक नाही काय? याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली, ती मांगवाड्यात जपलेल्या आठवणींवर. आणि तिची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे. आठवण जपणे आणि गावकी नाकारणे त्यांना परस्परविरोधी वाटले नाही.

म्हणून कोणी ध्वनिमुद्रण घेऊन येणार असेल तर त्याने हलगीवाल्याचे नाव आधी लिहावे, मेहनताना हातावर ठेवावा. आणि ज्या म्हाताऱ्याने हलगी कायमची खुंटीला टांगली, त्याच्याही दारात बसून ती का टांगली हे टिपून घ्यावे. एक ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, मिरवणुकीत हलगी वाजते. तेथे पाटलाचा सांगावा लागत नाही. हे मुद्रण तेथूनही सुरू करता येईल.