साहसखेळांची घडण आणि चाचणीकारांचे श्रेय

संगणकावरील मजकुरी साहसखेळ, म्हणजे ज्यात पडद्यावर केवळ वर्णन उमटते आणि खेळणारा ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशा आज्ञा टंकून पुढे सरकतो तो खेळ, हा साहित्यप्रकार मानावा की निव्वळ करमणूक, यावर बराच खल झालेला आहे; परंतु या खेळांतील मजकुराचा मोठा भाग नेमका कोणामुळे लिहिला गेला, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. कादंबरीच्या वाचकाला लेखकाने ठरवलेल्या क्रमानेच जावे लागते. साहसखेळाच्या लेखकाला तो हक्क नसतो, कारण खेळणारा कोणत्याही क्षणी काहीही टंकू शकतो, आणि लेखकाने ज्या आज्ञेची कल्पनाच केलेली नसते तिच्यापुढे खेळ ‘समजले नाही’ एवढेच म्हणून गप्प बसतो. ही गप्प बसण्याची ठिकाणे शोधून काढणारी माणसे म्हणजे चाचणीकार. त्यांचे काम हा रचनेचाच एक भाग होता, आणि या कलेचे चढउतार त्या कामाची व्यवस्था कशी लागली याच्याशी बांधलेले आहेत, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

या प्रकाराचा आरंभ ज्या खेळाने झाला त्या ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ला रीतसर चाचणी अशी लाभलीच नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथे बीबीएन या कंपनीत काम करणारे आणि हौशी गुहासंशोधक असलेले विल क्राउदर यांनी केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह परिसरातील ‘बेडक्विल्ट’ या खऱ्या गुहाभागावरून 1975-76च्या सुमारास तो फोरट्रान भाषेत लिहिला, आणि 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्स यांनी त्याचा विस्तार केला. त्या विस्तारित आवृत्तीत एकूण 350 गुण होते, व त्यांतला शेवटचा एक गुण गुहेतले एक नियतकालिक विशिष्ट, जवळजवळ बाहेर न पडता येणाऱ्या ठिकाणी नेऊन टाकल्यावरच मिळे. हे करावे असे सुचवणारा धागा खेळात कुठेही नव्हता. एमआयटीतील ब्रूस डॅनियल्स यांनी तो गुण मिळवला, पण कोडे सोडवून नव्हे, तर यंत्रभाषेतील दोषशोधक साधनाने कार्यक्रमाच्या पोटात शिरून. चाचणीविना लिहिलेल्या खेळाचे हे नमुनेदार लक्षण होय: लेखकाच्या डोक्यात असलेली गोष्ट मजकुरात उतरलेलीच नाही, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

डॅनियल्स यांनीच पुढे मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग आणि टिम अँडरसन यांच्यासह 1977 मध्ये ‘झॉर्क’ रचायला घेतला, आणि येथे परिस्थिती अगदी उलटी होती. एमआयटीतील त्यांच्या पीडीपी-10 यंत्रावर आयटीएस नावाची कार्यप्रणाली चाले, जिच्यात कुलूपबंदी जवळजवळ नव्हतीच. आर्पानेट या आद्य संगणकजाळ्यावरून दूरदूरचे लोक त्या यंत्रावर येत, अर्धवट झालेला खेळ खेळत, आणि कोण काय करत आहे हे पाहण्याची सोयही त्या प्रणालीत होती. खेळणारे कोणते शब्द वापरतात, कुठे अडतात, कशावर चिडतात हे लेखकांना त्यामुळे प्रत्यक्ष दिसत असे, आणि खेळाचा ‘पार्सर’, म्हणजे टंकलेल्या वाक्याची फोड करून त्याचा अर्थ लावणारा भाग, त्या निरीक्षणातून सुधारत गेला. ‘ॲडव्हेंचर’ दोन शब्दांपलीकडे जात नव्हता, तर ‘झॉर्क’ला पूर्ण वाक्ये कळू लागली, या प्रगतीचे श्रेय लेखकांच्या बुद्धीइतकेच त्या न बोलावलेल्या पाहुण्यांनाही द्यावे लागते.

(येथे मराठी वाचकाच्या मनात सहज येईल असा एक मुद्दा नोंदवून ठेवावा. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते आणि नामाला विभक्तीचे विकार जवळजवळ होत नाहीत, म्हणून असे वाक्य फोडणे तुलनेने सोपे जाते. ‘दिव्याने’, ‘दिव्यात’, ‘दिव्यावरचे’ अशा रूपांच्या मागे एकच ‘दिवा’ आहे हे ओळखणारा मराठी पार्सर कोणी लिहू म्हणेल, तर त्याला चाचणीकारांची गरज कितीतरी अधिक भासेल.)

जून 1979 मध्ये एमआयटीच्या याच वर्तुळातून इन्फोकॉम ही कंपनी निघाली, आणि चाचणी ही प्रथमच पगारी, नियमबद्ध आणि लेखनाच्या बरोबरीने चालणारी गोष्ट झाली. यामागे एक तांत्रिक कारणही होते. इन्फोकॉमने ‘झेड-मशीन’ नावाचे काल्पनिक यंत्र कल्पिले होते. खेळ त्या यंत्रासाठी एकदाच लिहायचा, आणि ॲपल, टीआरएस-80, आयबीएम अशा प्रत्येक खऱ्या संगणकासाठी केवळ त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा एक छोटा दुभाषा कार्यक्रम तयार करायचा, अशी ती योजना होती. तिच्यामुळे कथेची चाचणी आणि यंत्राची चाचणी वेगळ्या झाल्या. हा संगणक बंद का पडला, या विवंचनेतून सुटलेला चाचणीकार त्या पात्राने असे उत्तर का दिले, हे विचारायला मोकळा झाला. त्या काळात ही चैन फार थोड्यांना परवडत होती. स्कॉट ॲडम्स यांचे 1978 पासूनचे लोकप्रिय खेळ अवघ्या 16 किलोबाइट स्मृतीत बसवलेले असत, आणि अनपेक्षित आज्ञांना खास उत्तरे द्यायला त्यांत जागाच उरत नसे.

चाचणीकाराचे प्रत्यक्ष काम कसे चाले, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. इन्फोकॉमच्या खेळांत ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा दिली की तेव्हापासूनचा सगळा संवाद छापयंत्रावर उतरू लागे. या छापील संवादाला ‘ट्रान्स्क्रिप्ट’ म्हणत, आणि पुढच्या काळात चाचणीकार खेळता खेळताच तारांकनाने सुरू होणारी ओळ टंकून तिच्यात आपला शेरा लिहू लागले. खेळाला ती ओळ कळत नसे, पण लेखकाला कळे. समजा, खोलीच्या वर्णनात मेज, त्यावरची बाटली आणि खिडकी यांचा उल्लेख आहे. चाचणीकार मेजाखाली पाहणार, बाटली खिडकीवर फेकणार, बाटलीतले पाणी दिव्यावर ओतणार, मेज खाण्याचा प्रयत्न करणार, आणि मग बाटली फुटल्यावरही खोलीच्या वर्णनात ती मेजावर उभी आहे काय, हे पुन्हा एकदा पाहणार. वस्तू, क्रिया आणि परिस्थिती यांचा गुणाकार इतक्या वेगाने वाढतो की सगळ्या शक्यता तपासणे कोणालाच साधत नाही. म्हणून चांगला चाचणीकार तो, ज्याला सामान्य खेळणारा कुठे वाकडी वाट धरील याचा अचूक वास येतो. त्याच्या शेऱ्यावर लेखक जे नवे उत्तर लिहितो, बहुधा एखादी मिस्कील ओळ, ते खेळाच्या कायमच्या मजकुरात जाते. इन्फोकॉमच्या खेळांचा जो खेळकर, खेळणाऱ्याची फिरकी घेणारा सूर वाखाणला जातो, त्याचे एक मूळ या व्यवहारात आहे. प्रत्येक खेळाच्या आरंभी आवृत्तीचा क्रमांक व तारखेचे आकडे छापलेले असत. ‘झॉर्क 1’च्या एका परिचित प्रतीवर आवृत्ती 88 आणि अनुक्रमांक 840726, म्हणजे 26 जुलै 1984, असे आहे. बाजारात काही 88 वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या नव्हत्या. तो आकडा घरातल्या घरात झालेल्या फेऱ्यांचाही आहे.

चाचणी आणि लेखन यांतील अंतर किती कमी होते याचा उत्तम पुरावा म्हणजे स्टीव्ह मेरेट्झ्की. एमआयटीत बांधकाम व्यवस्थापन शिकलेल्या या गृहस्थांना संगणकाची फारशी आवड नव्हती. त्यांच्यासोबत राहणारे माइक डॉर्नब्रुक हे ‘झॉर्क’चे पहिले चाचणीकार असल्यामुळे यंत्र घरात आले आणि मेरेट्झ्की त्यात गुंतले. ‘डेडलाइन’ या 1982च्या रहस्यखेळासाठी त्यांनी चाचणीकार म्हणून काम केले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा स्वतःचा ‘प्लॅनेटफॉल’ प्रसिद्ध झाला. एमी ब्रिग्ज याही 1985 मध्ये चाचणी विभागात आल्या आणि 1987 मध्ये त्यांनी ‘प्लंडर्ड हार्ट्स’ लिहिला. शेकडो तास दुसऱ्याच्या खेळात चुका शोधणे हीच या कलेची एकमेव शाळा होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

डॉर्नब्रुक यांची कामगिरी आणखी एका अंगाने महत्त्वाची आहे. अडलेल्या खेळाडूंच्या पत्रांना उत्तरे देता देता त्यांनी ‘झॉर्क यूझर्स ग्रुप’ हा उपक्रम उभा केला, आणि त्यातूनच ‘इनव्हिझिक्लूज’ ही पुस्तिका निघाली, जिच्यात अदृश्य शाईने छापलेली सूचना खास लेखणी फिरवल्यावरच दिसे आणि आधी हलकी, मग अधिक स्पष्ट, अशी पायरीपायरीने उघडत जाई. खेळ बाजारात गेल्यावरही लोक कुठे अडतात हे त्या पत्रांतून कळत राहिले, म्हणजे एका अर्थी चाचणी चालूच राहिली. तरीही इन्फोकॉमच्या पद्धतीचे फाजील कौतुक करू नये. डग्लस ॲडम्स आणि मेरेट्झ्की यांच्या 1984च्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’त आरंभी कुत्र्याला सँडविच न दिल्यास त्याचा भुर्दंड फार पुढे भरावा लागतो, आणि तोवर मागे फिरण्याची वाट बंद झालेली असते. हा दोष चाचणीतून निसटलेला नाही. तो हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. लेखकानेच क्रौर्य हे गंमत म्हणून स्वीकारले की चाचणीकार हतबल होतो.

चित्रमय साहसखेळांत हे क्रौर्य बराच काळ टिकले. सिएरा कंपनीच्या, रॉबर्टा विल्यम्स यांनी रचलेल्या ‘किंग्ज क्वेस्ट’ (1984) मध्ये एका बुटक्याचे नाव ओळखायचे असते, आणि उलटा विचार करावा अशी सूचनाही मिळते. कोणीही शहाणा माणूस परीकथेतले ते नाव उलटे लिहून पाहील, पण खेळाला हवी असते उलट्या वर्णमालेने केलेली बदली. 1990च्या नव्या आवृत्तीत साधे उलटे नाव चालू लागले, म्हणजे तक्रार रास्त होती हे मान्य व्हायला सहा वर्षे जावी लागली. लुकासफिल्मने निराळी वाट काढली. 1987च्या ‘मेनिॲक मॅन्शन’मध्ये क्रियापदे पडद्यावरच मांडून ठेवल्यामुळे शब्द ओळखत बसण्याची कटकट मिटली, तिथल्याच रॉन गिल्बर्ट यांनी 1989 मध्ये या प्रकारातील खोडींवर सडेतोड लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी ‘मंकी आयलंड’मध्ये त्यातली तत्त्वे अमलात आणली. ओळखीपाळखीच्या लोकांना पिझ्झा खायला बोलावून त्यांच्याकडून खेळ खेळवून घ्यायचा, ही तिथली प्रथा हसण्यावारी नेण्यासारखी नाही: सराईत चाचणीकाराला जे दिसेनासे झालेले असते ते नवख्याला पहिल्या पाच मिनिटांत खुपते.

इन्फोकॉम 1986 मध्ये ॲक्टिव्हिजनकडे गेली आणि 1989 मध्ये तिचे कार्यालय बंद झाले. मजकुरी खेळांचा बाजार संपला, पण चाचणीची परंपरा हौशी मंडळींनी उचलली. मायकेल रॉबर्ट्स यांची ‘टॅड्स’ आणि ग्रॅहम नेल्सन यांची 1993ची ‘इन्फॉर्म’ या खेळ लिहिण्याच्या भाषा त्यांच्या हाती होत्या, 1992 मध्ये जर्मनीत सुरू झालेला या खेळांचा संग्रह होता, आणि 1995 पासून वार्षिक स्पर्धा होती, जिच्या पहिल्या वर्षी 12 खेळ आले. नेल्सन यांनी खेळाडूच्या हक्कांची सनद मांडली, अँड्र्यू प्लॉटकिन यांनी खेळाच्या क्रौर्याची प्रतवारी केली, आणि पैशाचा कसलाही व्यवहार नसताना चाचणीकारांची नावे श्रेयनामावलीत छापण्याचा शिरस्ता रुजला. चाचणीकारांचे नाव नसलेला खेळ परीक्षक संशयाने उघडतात, ही या समुदायाची खरी मिळकत होय.

या समुदायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. लेखक, चाचणीकार आणि समीक्षक ही तीच ती माणसे असल्यामुळे सर्वांच्या सवयी एकसारख्या झाल्या. ‘झिझी’ ही ‘ॲडव्हेंचर’मधली जादूची आज्ञा प्रत्येक नव्या खेळात कोणीतरी टंकून पाहणार आणि लेखकाने तिला खास उत्तर लिहिलेले असणार, हा आपसातला विनोद नवख्याला कळत नाही, आणि त्याला जे कळत नाही त्याची नोंद करणाराही त्या मंडळात कोणी नसतो. स्पर्धेत परीक्षकाने दोन तासांत मत बनवावे या नियमानेही आकृतिबंध आखूड केला. तसा खेळ तपासायला सोपा जातो आणि म्हणून अधिक गुळगुळीत होतो, परंतु ‘झॉर्क’ची ऐसपैस, आडवळणांची जागा त्यात मावत नाही.

आज चाचणीचा बराच भाग यंत्राकडे गेला आहे. ‘थिंबलवीड पार्क’ या 2017च्या खेळासाठी गिल्बर्ट यांनी आपोआप, वाटेल तिथे टिचक्या मारत खेळणारा एक कार्यक्रम लिहिला होता. असा कार्यक्रम रात्रभर चालवला तर खेळ कोसळतो ती जागा सापडते, पण विनोद कुठे शिळा झाला हे त्याला कधीच सांगता येत नाही. दुसरीकडे, 2009 मध्ये आलेल्या ‘ट्वाइन’सारख्या साधनांनी टंकण्याऐवजी पर्याय निवडण्याची रीत रूढ केली, ज्यात अनपेक्षित आज्ञेचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आणि विषयांना मोकळीक मिळाली, हे निर्विवाद आहे. पण वाचणाऱ्याने लेखकाला चकित करण्याची शक्यता मात्र जवळजवळ नाहीशी झाली, आणि ती शक्यता हाच या प्रकाराचा विशेष होता.

मेरेट्झ्की यांनी जपलेले इन्फोकॉमचे आराखडे, टिपणे आणि अंतर्गत पत्रव्यवहार आता स्कॅन होऊन सर्वांना खुले झाले आहेत, आणि इन्फोकॉमच्या खेळांची मूळ संहिताही 2019 मध्ये उजेडात आली. अभ्यासकांनी आजवर ही सामग्री लेखकांच्या चरित्रासाठी वापरली. यापुढे कोणत्या आवृत्तीत कोणते उत्तर कोणाच्या शेऱ्यावरून आले हे आवृत्तीगणिक लावून पाहण्याचे काम हाती घेतले पाहिजे, आणि ते चाचणीकारांपैकी काहीजण विचारायला हयात आहेत तोवरच व्हायला हवे.