'राजकारण' नावाचा ठपका

वडशाला झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी म्हणतात. दिवाळीनंतर धान निघाले, की इथल्या नाट्यमंडळांची नाटके गावोगाव रात्र रात्र रंगतात. हुंडा, दारू, कर्ज असे विषय त्यांत येतात आणि त्याला समाजप्रबोधन म्हटले जाते. मुस्लिम लेखकाने मात्र आपल्या मोहल्ल्याचे दुःख लिहिले, की 'साहित्यात राजकारण आणू नका' असे ऐकावे लागते. म्हणून हा शब्दच एकदा तपासावा, असे आम्हाला वाटते.

जुन्या मराठी पत्रांत 'राजकारण' म्हणजे दरबारी खलबत, डावपेच. तो वास अजून गेलेला नाही. आपल्या घरांत बोलला जाणारा 'सियासत' ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून घोड्यांची निगा राखणारा 'साईस' आला. एका शब्दात डाव आहे, दुसऱ्यात देखभाल. 'राजकीयीकरण' या नव्या शब्दावर सावली पडली ती डावाचीच.

वास्तविक राजकीयीकरण दोन प्रकारचे असते. खासगी मानलेले दुःख सार्वजनिक निर्णयासाठी मांडणे, हा एक प्रकार. दुसऱ्याचे दुःख आपल्या सत्तेसाठी वापरणे, हा दुसरा. गडचिरोली जिल्ह्यात दारू हा घरोघरी बायकांनी मुकाट सोसायचा प्रश्न होता. लोकांनी तो चव्हाट्यावर आणला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. हे राजकीयीकरणच होते, आणि रास्त होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेही याच अर्थाने. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तोही पीडित स्त्रियांच्याच अर्जांवर. २०१९ च्या कायद्याने त्याला तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. त्या वेळच्या वादात मात्र समर्थक आणि विरोधक, दोघांच्याही तोंडी त्या बाईपेक्षा मतांचा हिशेब अधिक होता, असे आमचे मत आहे. प्रश्न तोच, पण बोलणारे बदलले होते.

तेव्हा समीक्षकांनी 'राजकारण आणले' एवढ्यावर थांबू नये. कोण बोलतो आणि कोणासाठी, हे विचारावे. हाच प्रश्न आम्ही लेखकांनी स्वतःलाही विचारायला हवा. आमच्या कथेतली तलाकपीडिता स्वतः बोलते, की तिच्या तोंडून आम्हीच भाषण करतो?