डब्यावरचे अर्धसत्य

मानवत ही कापसाची बाजारपेठ. कापसाबरोबर येणाऱ्या सरकीपासूनही खाद्यतेल काढतात. तेल सरकीचे असो, करडईचे असो वा सोयाबीनचे. डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द बरेचदा ठळकपणे छापलेला दिसतो. हे विधान खोटे नाही, कारण वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. आमचा आक्षेप आहे तो त्यातून होणाऱ्या समजुतीला: हे तेल कितीही खाल्ले तरी चालेल!

तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ ट्रायग्लिसराइड; ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. रक्तातही हा पदार्थ असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत महाराष्ट्रही होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १३.९ टक्के लोकांत कोलेस्टेरॉल जास्त आढळले, तर ट्रायग्लिसराइड २९.५ टक्के लोकांत. म्हणजे डबा ज्याबद्दल दिलासा देतो, त्याच्या दुपटीने आढळणाऱ्या दोषाबद्दल तो गप्प आहे.

पण ‘तेल सोडले की झाले’ हेही अर्धसत्यच. आपले यकृत साखर, पिष्टमय पदार्थ आणि दारू यांपासूनही ट्रायग्लिसराइड तयार करून रक्तात सोडते. रक्तातून ते दूर करण्याचे काम लायपोप्रोटीन लायपेज हे विकर करते. इन्सुलिन कमी पडले की हे विकर मंदावते, म्हणून अनियंत्रित मधुमेहात आवक वाढते आणि निचरा घटतो.

उपाशीपोटी १५० मिलिग्रॅमच्या आत (दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात) असावी अशी ही पातळी ५०० च्या पुढे जाते, तेव्हा सहसा एकच कारण नसते. जन्मजात दोषाला मधुमेह, दारू, थायरॉइडची मंदी, मूत्रपिंडाचा विकार किंवा काही औषधे यांची जोड मिळते. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो आणि ती जिवावर बेतू शकते. या अवस्थेत विकराची क्षमता संपलेली असल्याने आहारातील सर्वच तेल-तूप कमी करावे लागते. पण मूळ कारण शोधले नाही तर तेवढ्याने भागत नाही.

शिक्षकांनी तेलाचा रिकामा डबा वर्गात जरूर आणावा. ‘यावर काय लिहिले आहे?’ याबरोबरच ‘काय लिहिलेले नाही?’ हेही मुलांना विचारावे. जाहिरात वाचण्याची वैज्ञानिक रीत तीच.