स्वत्व आणि त्याचे प्रेक्षक

२००५ साली अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाच्या प्रवेशाधिकाऱ्यापुढे एक पेच उभा राहिला. लॉस एंजलिसच्या दक्षिण भागातील एका कृष्णवर्णीय तरुणाने अर्जासोबत निबंध पाठविला होता. आपल्या वस्तीतील गुंडांच्या टोळ्यांपासून दूर जावे आणि शिकावे, अशी तळमळ त्यात व्यक्त झाली होती. परंतु ‘मायस्पेस’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळावरील त्याचे पान टोळीच्या खुणांनी भरलेले होते. हा मुलगा आमच्याशी खोटे का बोलतो, असे अधिकाऱ्याने एका संशोधक विद्यार्थिनीला विचारले. निबंध खोटा असे तरी का धरावे, असे तिचे म्हणणे होते. ते पान विद्यापीठासाठी मांडलेलेच नसावे. ज्या वस्तीत त्याला रोज वावरावयाचे होते, तेथे निभाव लागावा म्हणून ते सोंग त्याला घ्यावे लागले असणे शक्य आहे.

ही विद्यार्थिनी म्हणजे डेना बॉइड. ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ (२०१४) या ग्रंथातील स्वत्वविषयक प्रकरणाचा प्रारंभ तिने याच प्रसंगाने केला आहे. मूळ शिक्षण संगणकशास्त्राचे. २००२ मध्ये एम. आय. टी.ची पदव्युत्तर पदवी आणि २००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट. विभाग माहितीशास्त्राचा असला, तरी तिची दृष्टी समाजशास्त्राची आहे. ग्रंथाचा पाया तिच्या विद्यार्थिदशेतच घातला गेला. म्हणून त्याचे परीक्षण करताना निष्कर्षांइतकाच त्या दशेतील व्यासंगाचाही विचार करणे उचित होईल.

या व्यासंगातील पहिला विशेष असा की, पडद्यावर जे दिसते त्यावर लेखिका विसंबत नाही. कोणाचेही पान घरबसल्या वाचता येते, हा अशा संशोधकाला पडणारा मोठाच मोह होय. तो आवरून ती अमेरिकेच्या अनेक राज्यांत हिंडली आणि मुलामुलींशी समोरासमोर बसून बोलली. लिहिणाऱ्याच्या मनात वाचक कोण होता, हे कळल्यावाचून लिहिलेल्याचा अर्थ लागत नाही, हे तत्त्व या भ्रमंतीतून तिला गवसले.

या विचाराचा मूळ पुरुष अर्व्हिंग गॉफमन होय. शिकागो विद्यापीठाचा हा विद्यार्थी १९४९ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड द्वीपसमूहात गेला आणि तेथील एका लहान वस्तीत राहिला. आपल्याला बेटावरील शेतीच्या अर्थकारणात रस आहे, असे त्याने लोकांना सांगितले होते. म्हणजे मुखवट्यांचा अभ्यासक स्वतःच एक मुखवटा घालून वावरत होता! तेथील हॉटेलात भोजनगृहातले वागणे निराळे आणि स्वयंपाकघरातले निराळे, हे त्याने टिपले. पुढे मनुष्याच्या सामाजिक वर्तनाला रंगभूमीची उपमा देऊन त्याने जी मीमांसा केली, तीत दर्शनी भाग आणि पडद्यामागचा भाग यांमधील भिंतीला फार महत्त्व आहे.

बॉइडचे खरे योगदान, ही भिंत पडल्यावर काय होते, हे दाखविण्यात आहे. नव्या माध्यमात लिहिलेले टिकून राहते, चटकन दृष्टीस पडते, सहज पसरते आणि शोधताच सापडते. त्यामुळे मित्र, आई, शिक्षक आणि प्रवेशाधिकारी हे सारे एकाच प्रेक्षागारात येऊन बसतात. या अवस्थेला संदर्भांचा संकर म्हणता येईल. त्यातून दिसणारी विसंगती मनुष्याच्या खोटेपणाची नसून प्रेक्षकांच्या या सरमिसळीची असते.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. यांतील खरे गडकरी कोणते, असे कोणी विचारीत नाही. तिन्ही खरे, आणि प्रत्येकाचे दालन निराळे. टोपणनावाने लेखकाला जी मोकळीक दिली, तीच आजचा विद्यार्थी शोधीत असतो; मात्र त्याच्या दालनांची दारे दुसऱ्यांच्या हाती आहेत.

ग्रंथाचे दुसरे बलस्थान म्हणजे विषमतेचे विवेचन. त्यामागे विद्यार्थिदशेतील एक साहस आहे. २००७ मध्ये तिने एक टिपण प्रसिद्ध केले. ‘मायस्पेस’ आणि महाविद्यालयांतून वाढलेले ‘फेसबुक’ यांमध्ये अमेरिकेतील मुले वर्गभेदाच्या रेषेवर विभागली जात आहेत, असा त्याचा आशय होता. ते शास्त्रीय शोधनिबंध म्हणून लिहिलेले नव्हते. तरी त्याचा फार गाजावाजा झाला आणि टीकाही झाली. पुढे तिने तोच विचार वर्णभेदाच्या इतिहासाशी जोडून अधिक काटेकोरपणे मांडला. कच्चे निरीक्षण लोकांसमोर ठेवून त्याचा जाच सोसणे, आणि मग ते पुन्हा घासूनपुसून घेणे, हे संशोधकाचे खरे शिक्षण होय.

परंतु दोन उणिवा नमूद केल्याच पाहिजेत. ही दालने चालविणाऱ्या कंपन्यांच्या नफ्याचा विचार ग्रंथात दुय्यम राहतो. मोठ्यांच्या अवास्तव भीतीचे निरसन करण्याच्या भरात, मुलांचे बोलणे हाच तेथील विक्रीचा माल आहे, ही गोष्ट मागे पडते. दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. प्रारंभी सांगितलेल्या प्रसंगात त्या तरुणाचा स्वतःचा शब्द कोठेच येत नाही. अधिकाऱ्याने त्याला वाचले, लेखिकेनेही वाचले. तिचे वाचन अधिक सहृदय खरे. पण वाचनच ते. लिहिणाऱ्याला विचारावे, हे तिचेच तत्त्व तिच्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणात अपुरे राहिले आहे.

तरीही या प्रसंगाने शिक्षकांना अंतर्मुख व्हावे लागेल. वर्गात नम्र असणारा विद्यार्थी पडद्यावर उद्धट दिसला, की त्याचे ‘खरे रूप’ उघडे पडले, असे आपण चटकन म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी ते रूप कोणापुढे उभे होते, हे पाहावयास हवे. आणि त्याहूनही आधी, त्या विद्यार्थ्याला जवळ बसवून विचारावयास हवे.