टेंबे, गोविंदराव : बोलपट-संगीतातील कारकीर्द

टेंबे, गोविंद सदाशिव : (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५). विख्यात हार्मोनियमवादक, मराठी रंगभूमीवरील व आरंभीच्या बोलपटांतील संगीतरचनाकार, गायक-नट, नाटककार आणि संगीतविषयक लेखक. जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे येथे. रंगभूमीवरील व मैफलीतील त्यांच्या कामगिरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने बोलपटासाठी त्यांनी केलेल्या संगीतरचनेचा विचार नेहमीच ओझरता झाला. ‘मानापमानकार टेंबे पुढे चित्रपटांतही गेले’ अशा एखाद्या वाक्यात तो संपतो. वस्तुतः ज्या माध्यमाला अद्याप स्वतःचे संगीत नव्हते, त्या माध्यमासाठी मराठीत प्रथम स्वररचना करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला आणि त्यांनी तो कसा निभावला, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे.

टेंब्यांची जडणघडण कोल्हापुरात झाली. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयास अल्लादियाखाँ आल्यापासून या नगरीत खानदानी गायकीचे एक केंद्रच निर्माण झाले होते. देवल क्लबसारख्या संस्थेमुळे बैठकीची परंपरा नांदती होती. अल्लादियाखाँच्या गायकीचा टेंब्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानीत व त्यांच्या गायनास त्यांनी दीर्घकाळ साथ केली. ही साथीची तालीम त्यांच्या पुढील रचनाकार्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. साथीदाराला आपला स्वर दुसऱ्याच्या स्वराच्या मागे ठेवावा लागतो. गायक कोणत्या जागेवर थांबेल, कोठे वळेल, हे आधी ओळखून आपली वाट मोकळी ठेवावी लागते. स्वतंत्र वादनातही टेंब्यांचा हात गाता होता. पेटीसारख्या मींडरहित वाद्यातून गायकीचा भास निर्माण करण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

संगीत मानापमान (१९११) या कृ. प्र. खाडिलकरांच्या नाटकाला टेंब्यांनी दिलेल्या चालींनी नाट्यसंगीताचे वळण बदलले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळातील साकी, दिंडी, कीर्तनी चाली आणि कर्नाटकी वळणे यांच्या जागी पूरब ढंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी यांसारख्या रचनांचा लडिवाळपणा आला. विद्याहरण (१९१३) या नाटकाचे संगीतही त्यांचेच. त्याच वर्षी बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासमवेत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि तीतून बाहेर पडल्यावर शिवराज नाटक मंडळी काढली. या सर्व काळात त्यांच्या रचनेमागे एक गोष्ट गृहीत होती : पद गाणारा नट हा कसलेला गवई असतो, त्याला वेळेचे बंधन नसते आणि प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’ला मान देऊन तो तेच पद निराळ्या अंगाने पुन्हा फुलवू शकतो. चाल म्हणजे केवळ सांगाडा. मांस भरावयाचे ते रंगमंचावर, दर रात्री नव्याने.

बोलपटाने नेमके हेच गृहीत काढून घेतले. आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्यानंतर व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली अयोध्येचा राजा (१९३२) हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीताची जबाबदारी या दोन्ही गोष्टी टेंब्यांकडे होत्या. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ पर्यंत रूढ झालेली नसल्याने नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करीत प्रत्यक्ष गावे लागे आणि वादकांना चित्रचौकटीच्या बाहेर, परंतु ध्वनिग्राहकाच्या आटोक्यात बसावे लागे. तबल्याची थाप जरा जोरात पडली तर शब्द झाकला जाई. गायकाने मान वळविली तर स्वर क्षीण होई. एक चुकले की सर्वच पुन्हा. फितीच्या एका रिळाची लांबी सुमारे १,००० फूट, म्हणजे जेमतेम ११ मिनिटे. त्यातही गीताच्या वाट्याला येणारी मिनिटे थोडी. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळीत.

नव्या यंत्राच्या पहिल्या रचनाकारापुढे यंत्राची मर्यादा हीच पहिली बंदिश म्हणून उभी राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ गेमसाठी संगीत रचणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. जपानी रचनाकार कोजी कोंदो (१९६१– ) याने १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स या खेळासाठी केलेल्या रचना निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रातील अवघ्या पाच ध्वनिमार्गांवर बसवाव्या लागल्या. त्यांतूनच खेळातील आघातांचे आवाजही काढावयाचे होते. शिवाय खेळणारा किती वेळ खेळेल हे ठाऊक नसल्याने धून पुनःपुन्हा फिरूनही कंटाळवाणी होता कामा नये, अशी अट. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला पेटीवर लेहरा धरणाऱ्यास ही अट परिचित आहे. तेच आवर्तन अर्धा-पाऊण तास फिरवीत राहावयाचे, पण समेवर येताना ते प्रत्येक वेळी ताजे वाटले पाहिजे. कोंदोने अट स्वीकारून तीतूनच शैली घडविली. त्या खेळाची मुख्य धून अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत २०२३ मध्ये समाविष्ट झाली. टेंब्यांच्या बाबतीत मात्र अट आणि शैली यांचा मेळ पूर्णपणे बसला नाही. त्यांच्या बोलपट-संगीताचे गुणदोष पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

अयोध्येचा राजा मधील संगीत दोन थरांचे आहे. स्वतः टेंब्यांच्या तोंडची पदे रंगभूमीच्या थाटाची आहेत. रागाची मांडणी स्पष्ट, उच्चार घोटीव, तानेची फेक आवरती. तथापि गाणे सुरू होताच कथानक थांबते, कॅमेरा स्थिर होतो आणि राजा हरिश्चंद्र मागे पडून गोविंदराव टेंबे पुढे येतात. दुसरा थर दुर्गा खोटे यांच्या तारामतीसाठी रचलेल्या गीतांचा. दुर्गाबाई व्यवसायाने गायिका नव्हत्या, गायक-नटांच्या परंपरेतूनही आलेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी चाल बांधताना टेंब्यांना आपला नेहमीचा भरवसा सोडून द्यावा लागला. तारामतीचे अंगाईगीत या दृष्टीने मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. स्वरांचा आवाका लहान, ओळी आखूड, दम घेण्याच्या जागा शब्दांच्या अर्थाशी जुळलेल्या. आलापाला वाव जवळजवळ नाही. जे पद गवयाच्या गळ्यात फुलते ते येथे कोमेजले असते. म्हणून टेंब्यांनी पदच बांधले नाही, गीत बांधले. मराठी चित्रपटगीताचा आरंभ शोधावयाचा झाल्यास तो हरिश्चंद्राच्या तानांत नसून या साध्या रचनेत शोधावा लागेल. साथ करणाऱ्याची दृष्टी येथे त्यांच्या कामी आली असे दिसते : समोरचा गळा पाहून मागे सरणे.

त्याच वर्षी आलेले अग्निकंकण व माया मच्छिंद्र आणि पुढील वर्षीचे सिंहगड व सैरंध्री (दोन्ही १९३३) यांचे संगीतही टेंब्यांचे आहे. मणिशंकर त्रिवेदी यांच्या सिद्धसंसार या नाटकावर आधारलेल्या माया मच्छिंद्र मध्ये त्यांनी मच्छिंद्रनाथाची भूमिका केली. स्त्रीराज्याचे वैभव, नाथपंथी वैराग्य व चमत्कृतिपूर्ण छायाचित्रण यांमुळे या बोलपटात संगीताला नाट्यपदांपलीकडे जाण्याची संधी होती. ती त्यांनी अंशतःच घेतली. गोरखनाथाच्या पुकारात सुराला प्रसंगाचे बळ मिळते. इतरत्र मात्र दरबारी बैठकीचे वळण सुटत नाही. सिंहगड हा हरि नारायण आपट्यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरील बोलपट. त्याची ऐतिहासिक, रांगडी प्रकृती टेंब्यांच्या नागर व लडिवाळ स्वरप्रकृतीला फारशी मानवणारी नव्हती. सैरंध्री रंगीत करण्याचा प्रभातचा प्रयत्न होता. जर्मनीत तयार झालेल्या प्रतींचे रंग समाधानकारक न उतरल्याने त्याची चर्चा संगीतापेक्षा रंगाच्या अपयशाचीच अधिक झाली.

टेंब्यांच्या बोलपट-संगीतावर सामान्यतः असा आक्षेप घेतला जातो, की त्यांनी रंगभूमी उचलून पडद्यावर नेली. आक्षेप खोटा नाही, पण अर्धा आहे. १९३२ साली प्रेक्षकही रंगभूमीचाच होता. कोल्हापूर शहराबाहेर, कागल तालुक्यातील वेदगंगाकाठच्या मुरगूडसारख्या बाजाराच्या गावी नामवंत मंडळींचे नाटक पाहावयाचे तर कंपनीचा मुक्काम पडण्याची वाट पाहावी लागे किंवा बैलगाडी जुंपून दूरवर जावे लागे. बोलपट डब्यात बंद होऊन जाऊ शकत होता, आणि डब्यातून जे निघेल ते नाटकासारखेच असावे, अशी त्या प्रेक्षकाची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. ती पुरी करूनच नव्या वळणाकडे नेणे शक्य होते. टेंब्यांचा खरा दोष निराळाच आहे. गीत आणि गीत यांच्यामधल्या जागेकडे त्यांनी पाहिले नाही. पात्र बोलत असताना, चालत असताना, किंबहुना काहीच घडत नसताना संगीताने काय करावे, हा बोलपटाचा मूळ प्रश्न त्यांना प्रश्न म्हणून जाणवल्याचे त्यांच्या रचनांतून दिसत नाही. वाद्यवृंद त्यांच्या दृष्टीने गाण्याची साथ होता. साथीला गायकाविना अस्तित्व नसते, ही बैठकीची शिकवण येथे त्यांना आड आली. ज्या गुणाने तारामतीचे गीत साधले, त्यानेच पार्श्वसंगीताची वाट अडविली.

प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि तिच्या संगीताची सूत्रे केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव यांच्याकडे आली. भोळे यांनी अमृतमंथन (१९३४) पासून वाद्यमेळाचा विचार प्रसंगाच्या अंगाने केला. पुढे कुंकू (१९३७) मध्ये तर पार्श्वसंगीत जवळजवळ वगळून कथेतच असणाऱ्या ध्वनींवर भर दिला गेला. पार्श्वसंगीत वगळावयाचे तर ते आधी विचारात यावे लागते. टेंबे व भोळे यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. मास्टर कृष्णराव हेही भास्करबुवांचेच शिष्य आणि रंगभूमीवरून आलेले. तथापि धर्मात्मा (१९३५) व माणूस (१९३९) या बोलपटांत त्यांनी पदाचा पसारा आवरण्यात टेंब्यांहून अधिक सफाई दाखविली. धर्मात्मा मध्ये स्वतः बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत होते आणि तरीही पडद्यावर त्यांचा प्रभाव पडला नाही. रंगभूमीवरील श्रेष्ठ गळा पडद्यावर आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, हे त्यावरून सर्वांना उमगले.

उषा (१९३५) व बाबूराव पेंटर यांचा प्रतिभा (१९३७) यांसारख्या बोलपटांना टेंब्यांनी नंतरही संगीत दिले. परंतु पूर्वीच्या पद्धतीत त्यांनी फारसा बदल केला नाही. पार्श्वगायनाचा प्रसार झाल्यावर नटाच्या गळ्यानुसार चाल बांधण्याची गरजच उरली नाही आणि त्यांच्या खास कौशल्याचे क्षेत्र आकुंचित झाले. त्यांचा वारसा मात्र अनपेक्षित मार्गाने चालू राहिला. प्रभातच्या कोल्हापूर काळात पडेल ते काम करणारे वसंत देसाई यांनी टेंब्यांच्या हाताखाली संगीताचे पहिले धडे घेतले. झनक झनक पायल बाजे (१९५५) आणि दो आँखें बारह हाथ (१९५७) या शांतारामांच्या चित्रपटांतील देसाई यांच्या रचनांत रागाची शुद्धता व गीताची आटोपशीर बांधणी एकत्र नांदतात; ती सांगड घालण्याचा पहिला प्रयत्न टेंब्यांचा होता.

चित्रपटांपासून दूर झाल्यावर टेंब्यांची लेखणी अधिक चालली. माझा संगीत व्यासंग (१९३९) व माझा जीवनविहार (१९४८) ही त्यांची आत्मपर पुस्तके मराठी संगीतविषयक लेखनात मानाची आहेत. अल्लादियाखाँ यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. त्यांच्या गद्याला विनोदाची व बहुश्रुततेची जोड आहे. व्यक्तिचित्रे रेखाटण्यात ते जितके रमतात, तितके स्वतःच्या रचनांची चिकित्सा करण्यात रमत नाहीत. याच सुमारास आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ज्या वाद्याने त्यांना नाव मिळवून दिले, ते ध्वनिक्षेपणातून हद्दपार झाले.

उत्तरायुष्यात त्यांनी महाश्वेता व जयदेव या संगीतिका रचल्या. संगीतिकेत गद्य व गीत यांतील भिंतच नसते. सर्व कथा स्वरांतून पुढे सरकवावी लागते. बोलपटात गीतांच्या मधली जी जागा त्यांनी रिकामी सोडली होती, तिचा विचार या रचनांच्या निमित्ताने त्यांना करावा लागला. त्यांचे निधन दिल्ली येथे झाले.