‘करपा’ : एका रोगनामाची चिकित्सा

जळगाव जिल्ह्यात केळीच्या पानांवरील सिगाटोका रोगास ‘करपा’ म्हणतात. भुईमुगाच्या पानांवरील ठिपक्यांस मात्र जळगाव-धुळ्याकडे ‘टिक्का’ हे नाव आहे. ‘टिक्का’ केवळ डागाचे रूप सांगतो. ‘करपा’ मात्र कारणही सुचवितो, कारण ‘करपणे’ या धातूत आच व ऊन यांचा बोध आहे. म्हणूनच प्रकाशाने कार्यान्वित होणाऱ्या बुरशीविषांचे विवेचन करताना हा शब्द सोयीचा वाटतो. ही सोय फसवी आहे.

अशा विषांपैकी सर्कोस्पोरिन हे तांबडे रंगद्रव्य कुयामा व तामुरा यांनी १९५७ साली सोयाबीनवरील सर्कोस्पोरा किकुची या बुरशीतून वेगळे केले. अंधारात ते बहुतांशी निरुपद्रवी असते. प्रकाश शोषल्यावर ते आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते व त्यातून सिंगलेट ऑक्सिजन हे त्याचे उत्तेजित रूप निर्माण होते. घाव घालतो तो हा ऑक्सिजन. उष्णतेचा येथे संबंध नाही. व्याकरणाच्या परिभाषेत विष हे प्रयोजक कर्ता ठरते. त्यास ‘प्रकाशसंवेदी’ न म्हणता ‘प्रकाशसंवेदक’ म्हणणे युक्त, कारण ते पेशीला प्रकाशापुढे दुर्बल करते.

सिंगलेट ऑक्सिजन डीएनएतील ग्वानीनचे आणि प्रथिनांतील हिस्टिडीन, मेथिओनीन व ट्रिप्टोफॅन यांचे ऑक्सिडीकरण करू शकतो. तथापि त्याचे आयुष्य अत्यल्प असल्याने तो जन्मस्थानाजवळच मारा करतो. तंबाखूच्या पेशींवरील मार्गारेट डॉब यांच्या १९८२ मधील प्रयोगांत पेशीपटलातील मेदांचा ऱ्हास दिसून आला. पटल फुटून पेशी मरत असेल, तर केंद्रकातील डीएनएची हानी हेच मृत्यूचे कारण, असे म्हणता येत नाही. ‘करू शकतो’ आणि ‘करतो’ यांतील अंतर विज्ञानलेखनात पुसले जाऊ नये.

दुसरा भ्रम वंशनामाचा. सिगाटोकाच्या बुरशीस पूर्वी सर्कोस्पोरा म्युझी म्हणत. आज तिची गणना स्यूडोसर्कोस्पोरा वंशात होते. जुन्या नावाच्या आधारे तिच्यावर सर्कोस्पोरिनचा आरोप करणे म्हणजे नामसाम्यास पुरावा मानणे होय. सावलीतील केळीवर हा रोग कमी आढळतो, हे खरे. परंतु सावलीने पानावरील दवही बदलते, केवळ प्रकाश नव्हे.

खानदेशातील शेतकऱ्याचा ‘करपा’ लक्षणाचे नाव म्हणून निर्दोष आहे. त्यास कारणाचे नाव करण्याचा दोष अभ्यासकाचा. आणि निदान चुकले की उपायही चुकतो.